कोठींतील पेटी

कोणत्याहि जुन्या घरांत अशी एखादी वस्तु असते, कीं ती काय आहे हें कोणासच सांगतां येत नाहीं. परंतु ती कोणाची आहे हें मात्र सर्वांस पक्कें ठाऊक असतें. आमच्या सांगलीच्या घरीं कोठीच्या खोलींत एक शिसवी पेटी होती. तिच्यांत लोखंडाचे, पितळेचे आणि आणखी कसले कसले मिळून चाळीस तुकडे होते. एकेचाळिसावा तुकडा, एक जड लोखंडी चक्र, पेटीबाहेर राहून आजीच्या पिठाच्या डब्याच्या झांकणावर वजन म्हणून बसे. त्यामुळें उंदीर पिठांत शिरत नसत. हे सारे 'आजोबांच्या नॉर्टनचे भाग' आहेत, असें आम्हां मुलांस समजूं लागल्यापासून सांगण्यांत येई. पेटीच्या झांकणावर कोणीं तरी पांढऱ्या रंगानें 'नॉर्टन' अशीं अक्षरेंहि काढून ठेविलीं होतीं.

आजोबा वकील होते. महायुद्ध संपल्यावर सैन्याचें शिल्लक सामान विक्रीस निघालें, तेव्हां त्यांनीं ही मोटारसायकल घेतली. पुढें १९४८ च्या फेब्रुवारीच्या आरंभीं, गांधीजींच्या हत्येनंतर आमच्या बाजूस ब्राह्मणांच्या घरांवर जमाव चालून आले, त्या रात्रीं आमची पडवी जळाली आणि पडवींतील गाडीहि जळाली. जें उरलें तें पेटींत गेलें, आणि आजोबांनीं पुन्हां कधीं वाहनास हात लाविला नाहीं. ही हकीकत थोरले काका सांगत. 'ह्या पेटींत अस्थि आहेत,' असें ते म्हणत, व तें म्हणतांना त्यांचा आवाज असा कांहीं होई कीं, पेटी उघडून पाहण्याचें धैर्य आम्हां मुलांस कधीं झालें नाहीं.

२०१९ च्या ऑगस्टांत कृष्णेचें पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेलें. गांवभागांतील आमच्या घराचा खालचा मजला कित्येक दिवस पाण्यांत होता. पाणी ओसरल्यावर कोठी उघडली तों पेटींत गुडघाभर नव्हे, तरी वीतभर गाळ. थोरले काका तेव्हां हयात नव्हते. माझा चुलतभाऊ व्यवहारी मनुष्य. तो म्हणाला, "भंगारवाला दारांत उभाच आहे, किती दिवस हें जपायचें?" त्याचें म्हणणें खोटें नव्हतें; त्या आठवड्यांत आम्हीं आजीचा पाट आणि आजोबांचीं कायद्याचीं पुस्तकेंहि टाकून दिलीं होतीं. परंतु त्र्याऐंशी वर्षांची आमची आत्या खुर्चीवरून म्हणाली, "टाकायचें तें टाका, पण काय टाकतों आहों हें तरी आधीं पाहा." म्हणून तें पाहण्याचें काम माझ्याकडे आलें. मी बँकेंतून निवृत्त झालेला. यंत्राविषयीं मला ज्ञान नव्हतें, वेळ मात्र होता.

पहिली चूक मी पहिल्याच दिवशीं करणार होतों. तारेचा ब्रश घेऊन सारे तुकडे लख्ख घांसावे, असा माझा बेत होता. सुदैवानें कोल्हापुरास उद्यमनगरांत यंत्रकाम करणाऱ्या एका वृद्ध कारागिरांस मीं आधीं विचारलें. ते म्हणाले, "गंजाखालीं अक्षरें असतात. गंज घांसाल तर अक्षरेंहि जातील." त्यांनीं सांगितलेली रीत अशी : तुकडा आठ-दहा दिवस डिझेलांत बुडवून ठेवावा, मऊ झालेला थर लांकडी काडीनें काढावा, मग पृष्ठभागावर खडू चोळून बोटानें पुसावा. खोलगट जागीं खडू राहतो आणि ठोकलेले आंकडे पांढरे होऊन वर येतात. पातळ कागद ठेवून त्यावर पेन्सिल फिरविली तरी तेंच. अशा रीतीनें, ज्यांवर कांहीं नाहीं अशी माझी खात्री होती त्या तुकड्यांपैकीं निम्म्याहून अधिकांवर कांहीं ना कांहीं खूण निघाली.

दुसरी गोष्ट चुंबकाची. चुंबक चिकटला तर लोखंड अथवा पोलाद. न चिकटला आणि तुकडा हलका असला तर ॲल्युमिनियम. न चिकटला पण हातास जड लागला व रंगानें करडा असला, तर बहुधा जस्ताचा मिश्रधातु. हा शेवटचा भेद मला तेव्हां क्षुल्लक वाटला होता.

तिसरी गोष्ट आट्यांची. बोल्ट म्हणजे बोल्ट, असें आपण समजतों. परंतु बोल्टास जन्मस्थान असतें. व्हिटवर्थ नांवाच्या इंग्रज एंजिनियरानें १८४१ सालीं आट्यांचें प्रमाण ठरविलें. त्यांतील आट्याचा कोन ५५ अंशांचा. पुढें सायकली करणाऱ्यांस बारीक आटे हवे होते, म्हणून त्यांच्या संस्थेनें १९०२ सालीं निराळें प्रमाण काढलें : कोन ६० अंशांचा, आणि बोल्ट जाड असो वा बारीक, बहुधा एका इंचांत २६ आटे. ब्रिटिश मोटारसायकल ही सायकलीच्याच पोटीं जन्मली. म्हणून तिच्या अंगावर हे २६ आटे कित्येक दशकें राहिले. युरोपांतील गाड्यांचे आटे मिलिमीटरांत. आटे मोजण्यासाठीं फणीसारखें एक साधन मिळतें. तें नसल्यास ओळखीचा बोल्ट अनोळखी बोल्टास आडवा लावून दोन्ही उजेडाकडे धरावे. आटे एकमेकांत बसले व मधून प्रकाश दिसला नाहीं, तर ते सगोत्र समजावे. पेटींतील अकरा बोल्टांपैकीं दहा २६ आट्यांचे निघाले. गाडी ब्रिटिश होती, एवढें काकांचें म्हणणें खरें ठरलें.

येथें सांगितलें पाहिजे कीं, पेटींत तीन परके तुकडेहि होते. एक बेअरिंग होतें, त्यावर '६२०४' असा आंकडा. अशा आंकड्यांतील शेवटच्या दोन अंकांस पांचांनीं गुणिलें म्हणजे भोंकाचा व्यास मिलिमीटरांत मिळतो. चार पंचे वीस. हें बेअरिंग आमच्या विहिरीवरील पंपाचें होतें. दुसरा तुकडा एक वांकडी दांडी. ती थोरल्या काकांच्याच जावाची निघाली. त्या गाडीस म्हैसूरच्या कारखान्यांतून येतांना एकच दांडी असे, तीच मारून गाडी सुरू करावयाची व तीच वळवून गिअर बदलावयाचे. तिसरा तुकडा मीं तीन आठवडे मोटारसायकलच्या सर्व चित्रांत शोधिला. तो बायकोनें एका दृष्टिक्षेपांत ओळखला. तो शिवणयंत्राचा होता.

आतां नॉर्टनकडे वळूं. युद्धकाळांत सैन्यास ज्या ब्रिटिश मोटारसायकली पुरविल्या गेल्या, त्यांत नॉर्टनची १६-एच ही एक प्रमुख. तिच्या सिलिंडराचा व्यास ७९ मिलिमीटर आणि दट्ट्याची धांव १०० मिलिमीटर. पेटींत एक पिस्टन होता. मीं व्हर्नियर लावून मोजला तों व्यास ८२.५ च्या किंचित् आंत भरला. पिस्टन सिलिंडरापेक्षां केसभर लहान असावयाचाच. म्हणजे सिलिंडर ८२.५ चें. सिलिंडर झिजलें म्हणजे तें आंतून कापून मोठें करतात व जरा मोठा पिस्टन घालतात हें खरें. परंतु ही वाढ साधारणतः एक मिलिमीटरापर्यंतच. ७९ चे ८२.५ होणें शक्य नाहीं. नॉर्टन तेथेंच बाद झाली.

मीं पुस्तकें चाळलीं. मॅचलेस कंपनीच्या पांचशें सी.सी. गाडीचा व्यास बरोबर ८२.५! मला इतका आनंद झाला कीं, त्या रात्रीं मीं सर्व भावंडांस कळविलें, 'आजोबांची गाडी मॅचलेस होती.' पुढले दोन महिने मी प्रत्येक तुकडा मॅचलेसच्या चित्रांत बसवूं पाहत होतों, आणि बसला नाहीं तर चित्रकारास दोष देत होतों. अखेर पिस्टन घेऊन पुन्हां उद्यमनगरांत गेलों. त्या वृद्ध गृहस्थांनीं तो हातांत फिरविला व विचारलें, "याचा माथा सपाट आहे. तुमच्या मॅचलेसचे व्हॉल्व्ह डोक्यावर असतात ना?" मग माथ्यावरील काजळीचा थर त्यांनीं काडीनें हळूहळू काढला. खालून अंक निघाले : ०२०. म्हणजे इंचाचे वीस सहस्रांश, अर्ध्या मिलिमीटराची वाढ. ८२.५ हें त्या पिस्टनचें जन्माचें माप नव्हतेंच. मूळ माप ८२.

८२ मिलिमीटर व्यास आणि बाजूस व्हॉल्व्ह असलेली, सैन्यास पुरविलेली गाडी म्हणजे बी.एस.ए. कंपनीची एम-२०. ही कंपनी १८६१ सालीं बर्मिंगहॅम येथें बंदुका करण्यासाठीं निघाली. युद्धांत तिनें एम-२० जातीच्या सव्वा लाखांहून अधिक गाड्या सैन्यास दिल्या. जड, संथ, आणि काय वाटेल तें सोसणाऱ्या. पण तेवढ्यानें निकाल लागत नव्हता. तिची थोरली बहीण एम-२१, तिचाहि व्यास ८२ च. धांव मात्र निराळी, एम-२० ची ९४ व एम-२१ ची ११२. आणि दट्ट्याची धांव पिस्टनवरून कळत नाहीं.

ती कळली पिठाच्या डब्यावरील चक्रावरून. तें एंजिनाच्या पोटांतील फ्लायव्हील होतें. त्याच्या मध्यभागीं एक भोंक, तेथून कांहीं अंतरावर दुसरें. दुसऱ्यांतील खिळ्यास पिस्टनचा दांडा धरलेला असतो. चक्राचा एक फेरा होतांना पिस्टन त्या अंतराच्या दुप्पट वरखालीं होतो. मीं दोन्ही भोंकांच्या मध्यबिंदूंतील अंतर मोजलें. एकदां मोजलें, चहा घेतला, पुन्हां मोजलें. ४७. सत्तेचाळीस दुणे चौऱ्याण्णव. साठ वर्षें आमचें पीठ राखणारें तें चक्र एम-२० चें होतें.

येथें मी थांबलों असतों. गाडीचें नांव मिळालें होतें. नांव चुकलें होतें एवढेंच. बाकी काकांची हकीकत जशीच्या तशी होती, किंबहुना तिला एक पुरावाहि मिळाला होता. कार्बुरेटर आमाल कंपनीचा होता. आमाल म्हणजे तीन जुन्या कार्बुरेटरवाल्यांनीं १९२७ सालीं एकत्र येऊन काढलेली संस्था. त्यावरील '२७६' हा जातीचा आंकडा शिल्लक होता, परंतु त्याची एक बाजू मेणासारखी ओघळून गोठलेली होती. तो जस्ताच्या मिश्रधातूचा; हा धातु सुमारें ३८५ अंशांस वितळतो, आणि जळत्या पडवींत तेवढी आंच सहज असते. त्या रात्रींचा तो ओघळ हातांत धरून मी बराच वेळ बसलों. त्याच्या पोटांत अडकलेली सरकती नळी पितळेसारख्या धातूची असल्यानें शाबूत होती, व तिच्यावर '६/४' हा अंकहि स्वच्छ होता. सहा ही जात, आणि कडेचा काप इंचाच्या चार-सोळांश. इतकी बारीक गोष्ट वाचतां यावी आणि त्या रात्रींविषयीं मात्र काकांच्या आवाजाखेरीज कांहीं हातीं नसावें, याचें मला नवल वाटलें.

मग एक काळें नळकांडें राहिलें होतें, तें धुतलें. तें लुकास कंपनीचें डायनॅमो. दिव्यांसाठीं वीज करणारें. लुकासची एक चांगली संवय होती. ती आपल्या मालावर बनावटीचा महिना व वर्ष ठोकीत असे. खडू चोळला. '३ ५१' असे आंकडे उमटले. १९५१ चा मार्च.

जी गाडी १९४८ सालीं जळाली, तिच्या अस्थींत १९५१ सालचें हाड कसें?

बँकेंतल्या संवयीप्रमाणें मीं पुन्हां पहिल्या ओळीपासून बेरीज केली. आजवर मी प्रत्येक तुकड्यास 'तूं कोण?' एवढेंच विचारीत होतों. 'तूं येथें कां?' हें विचारलें नव्हतें. सारे तुकडे गच्चीवर मांडले. चौकट नाहीं. चाक नाहीं. टाकी, हँडल, चिमटा, कांहीं नाहीं. गाडी जळाली तर उरावयाचें तें हेंच उरावें. आणि नेमकें तेंच पेटींत नव्हतें. उलट जें होतें तें सारें झिजलेलें अथवा मोडलेलें. पिस्टनच्या कडांवर खोल चरे. फ्लायव्हीलच्या भोंकापासून निघालेली बारीक भेग. झरलेले व्हॉल्व्ह. दांत बसलेलें एक साखळीचें चक्र. त्या डायनॅमोच्या पोटांतील तांब्याच्या कड्यावर तर ब्रशांनीं इतकी खोल वाट पाडली होती कीं, तो आलेल्या दिवसापासून कित्येक वर्षें फिरत होता हें उघड दिसत होतें. हे मेलेल्या गाडीचे अवशेष नव्हते. जिवंत गाडीनें वेळोवेळीं टाकलेली ही कात होती. आगींत वितळलेला कार्बुरेटर हा त्यांतील पहिला.

मग ती गाडी कोठें होती, आणि ती कोण चालवीत होतें?

मी आत्याकडे गेलों. तिला तारखा सांगावयाच्या नाहींत, असें मीं मनाशीं ठरविलें होतें; कारण म्हाताऱ्या माणसाच्या आठवणीस आपण प्रश्नांतून जो आकार देतों, तोच आकार ती उत्तरांत परत करते. मीं एवढेंच विचारलें, "आत्या, ती पेटी कोणीं भरली?"

"मिस्त्रीचाचांनीं," ती म्हणाली. जणूं हें सर्वांस ठाऊकच आहे.

तिनें सांगितलें तें असें. मिस्त्रीचाचा आजोबांची गाडी दुरुस्त करीत. त्या रात्रीं पडवी पेटली तेव्हां ते व त्यांचे दोन मुलगे मागच्या बोळानें आले, त्यांनीं गाडीवर माती टाकली व ती ओढून नेली. आठ दिवसांनीं आजोबांनीं निरोप धाडला, 'गाडी तुम्हीच ठेवा, मला आतां नको.' "अण्णांनीं दिली होती रे. पण ते घेईनात. म्हणायचे, वकीलसाहेब, गाडी तुमची, चालवतों मी. मग गाडीचा कुठला भाग बदलला कीं जुना भाग दिवाळीला आणून द्यायचे; फडक्यांत बांधून. हिशेब म्हणून. अण्णा तो पेटींत टाकायचे. दोघे ओसरीवर बसायचे, चहा घ्यायचे. फारसें बोलत नसत."

"किती वर्षें?"

"माझ्या दिवाळसणाला एक काळें नळकांडें घेऊन आले होते. त्यानंतर आले नाहींत. वारले असें पुढें कळलें." आत्याचें लग्न १९५७ सालचें. डायनॅमोचें वर्ष अथवा रंग मीं तिला सांगितला नव्हता.

"मग हें कोणीं आम्हांला कधीं सांगितलें कसें नाहीं?"

आत्या जरा वेळ गप्प राहिली. "दादाला आवडत नसे," ती म्हणाली. दादा म्हणजे थोरले काका. "तो त्या रात्रीं पडवींत होता. चौदा वर्षांचा होता. त्याला मिस्त्रीचाचा आलेले दिसलेच नाहींत. त्याला जाळच दिसला. मग चाचा दिवाळीला आले कीं तो उठून मागच्या अंगणांत जायचा. अण्णांनीं त्याला कधीं बोलावलें नाहीं, आणि रागेंहि भरले नाहींत." थोडें थांबून तिनें पुस्ती जोडली, "आणि तुम्ही तरी कुठें विचारलेंत?"

काका खोटें बोलत नव्हते. त्यांच्यापुरती ती गाडी त्या रात्रींच जळाली होती. आजोबांनीं पुन्हां वाहनास हात लाविला नाहीं, हेंहि त्यांचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. मी मात्र हें सारें त्यांच्या हयातींत शोधिलें असतें तर काय झालें असतें, याचा विचार मी अनेकदां करतों. तीं पांढरीं अक्षरें त्यांच्याच हातचीं, असें आत्या म्हणते. एम-२० च्या पेटीवर त्यांनीं नॉर्टन कां लिहिलें असेल, हें तिलाहि सांगतां आलें नाहीं. चौदा वर्षांच्या मुलास तें नांव अधिक भारदस्त वाटलें असेल.

मिस्त्रीचाचांचें खरें नांव आत्यास आठवत नाहीं. त्यांचें दुकान जेथें होतें असें तिनें सांगितलें, त्या जागीं आतां दुसरीच इमारत आहे. मीं दोन-तीनदां जाऊन चौकशी केली. जुन्या लोकांनीं आपुलकीनें विचारपूस केली, पण धागा लागला नाहीं. ती एम-२० ची चौकट कोठें असेल, कोणाच्या नांवावर असेल, हेंहि ठाऊक नाहीं. पुण्याच्या जुन्या बाजारांत गेलों म्हणजे मी अजून जुन्या गाड्यांच्या चौकटींकडे पाहतों.

एकेचाळीस तुकड्यांपैकीं तेहतीस ओळखले गेले, तीन परके निघाले, पांच राहिले. त्या पांचांपैकीं एक दुबेळक्यासारखी पोलादी पट्टी आहे. तिच्यावर अंक नाहीं, झीज नाहीं, मोडतोड नाहीं. पेटींतील ही एकच वस्तु धड आहे, व ती कोणत्याहि चित्रांत बसत नाहीं. उद्यमनगरांतल्या त्या गृहस्थांचें मत असें कीं, ती कोणत्याच कारखान्याची नव्हे. कोणा मिस्त्रीनें स्वतःच्या सोयीसाठीं हातानें घडविलेलें तें हत्यार आहे, आणि कधीं तरी तुकड्यांबरोबर चुकून फडक्यांत बांधलें गेलें असावें. मीं तिच्या चिठ्ठीवर अद्याप 'अज्ञात' असेंच लिहिलें आहे.

२०२१ च्या जुलैंत पुन्हां पाणी चढूं लागलें. पेटी वरच्या मजल्यावर न्यावी असें मी म्हणणार, तों चुलतभाऊ ती खांद्यावर घेऊन जिन्यावर निघालाहि होता. फ्लायव्हील आत्यानें आपल्या हातांनीं नेण्याचा हट्ट धरिला. तेवढें मात्र आम्हीं ऐकलें नाहीं.